दोन दारांची ताई

आमच्या विमान कंपनीत माझं काम म्हणजे लोकांना नको त्या वेळी फोन करणं. कागदावर त्याला 'क्रू नियोजन' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात मी विमानतळाच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत बसतो, समोर नावांची यादी असते, आणि कोणी आजारी पडलं की सुट्टीवरच्या दुसऱ्या कोणाला तरी गोड बोलून कामावर ओढून आणतो. गोड बोलण्याचाच मला पगार मिळतो. बायको म्हणते, "सगळं गोड बाहेर संपवून येता आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं आंबट." तिचं काही चुकत नाही.

त्या यादीत एक नाव असं होतं, की तिथे गोड बोलायची वेळच यायची नाही. फोन लावला की पलीकडून आवाज यायचा, "बोला भाऊ, किती वाजता?" बस, एवढंच. का, कुठे, कोणाच्या बदली, काही नाही. बावीस वर्षं हे असं चाललं. मी त्यांना ताई म्हणायचो. खरं तर त्या माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण कॅप्टनपासून शिडी ढकलणाऱ्यापर्यंत सगळेच त्यांना ताई म्हणत, तिथे मी एकट्याने शहाणपणा कशाला करू?

लोक त्यांच्यासारख्यांना हवाई सुंदरी म्हणतात. त्यातलं हवाई तेवढं खरं. सुंदरी सकाळी आरशासमोर उभी राहून जमवावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत उरतो तो पाय सुजलेला माणूस. ताई बुटक्या, जराशा जाड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बूट मुद्दाम अर्ध्या मापाने मोठे घ्यायच्या, कारण वर गेल्यावर पाय फुगतात. पर्समध्ये सुईदोरा कायम. एकदा उड्डाणाला दहा मिनिटं असताना कॅप्टनच्या कोटाचं बटण तुटलं, तर त्याला कोट न काढताच उभं करून त्यांनी ते शिवून दिलं आणि वर म्हणाल्या, "हलू नका, नाहीतर बटण पोटाला शिवीन." विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या त्या प्रमुख. बाहीवर दोन सोनेरी पट्ट्या. या पट्ट्यांचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवायच्या नाहीत.

पण ताईंची खरी ओळख म्हणजे दार.

हे जरा समजावून सांगायला हवं. विमानाच्या प्रत्येक दाराच्या पोटात रबराची एक भलीमोठी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. पुस्तकात तिला काहीतरी लांबलचक नाव आहे, आमच्यात सरळ घसरगुंडी म्हणतात. उडण्याआधी दाराजवळचा खटका खाली करायचा. मग संकटात दार उघडलं की घसरगुंडी आपोआप फुगून बाहेर पडते आणि लोक घसरत खाली जातात. विमान नीट उतरून थांबलं की तोच खटका वर करायचा, आणि मगच दार उघडायचं. खटका वर करायला विसरलात तर साध्या दार उघडण्यालाही विमान संकट समजतं. घसरगुंडी तोफेसारखी सुटते. बाहेर कोणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही, आणि विमान दिवसभर जमिनीला खिळतं. आमच्या धंद्यात माणसाच्या नावाला लागणारा याहून मोठा डाग नाही.

म्हणून नियम असा, की डाव्या दारावरचीने आपला खटका फिरवून उजवीकडे बघायचं आणि उजवीकडचीने डावीकडे. पुस्तकात नुसतं बघा असं लिहिलंय. ताईंनी ते बोलतं केलं. पुढच्या दोन दारांशी त्या आणि त्यांची जोडीदारीण समोरासमोर उभ्या राहायच्या. ताई विचारायच्या, "तुझं?" ती म्हणायची, "वर. तुमचं?" ताई म्हणायच्या, "वर. बघ." मग ती वाकून बघायची आणि म्हणायची, "बघितलं."

प्रत्येक नव्या मुलीला त्यांनी हे बोलायला लावलं. मुली आधी खुदूखुदू हसायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ, डोळे थापा मारतात. दमलेले डोळे तर बिनदिक्कत मारतात. तोंडाने बोललं की निदान कान तरी ऐकतात."

जोडीदारीण म्हणजे आमची हसरी. अकरा वर्षं ताईंच्या समोरचं दार तिचं. तिला हसू आवरायचं नाही, विमान हवेत गचके खात असताना तर अजिबात नाही. तिचं ते "बघितलं" म्हणे पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं.

मग आमच्याकडे टक्के साहेब आले.

हे नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. प्रत्येक गोष्ट टक्क्यात सांगायचे. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसावर चिडायला सोपं जातं. बोलताना डोळ्यांत बघायचे, नावं लक्षात ठेवायचे, आणि कंपनी बुडू द्यायची नाही या एका गोष्टीने पछाडलेले होते. त्यांनी आधी कर्मचाऱ्यांचं विमानातलं जेवण बंद केलं. मग परगावच्या मुक्कामाला दोघींत एक खोली आली. घोरणारीच्या खोलीत कोण जाणार यावर पूर्वी आठवडाभर थट्टा चालली असती. आता घोरणारीच बिचारी जागी राहायची, दुसरीला त्रास नको म्हणून. मग सफाईवाले कमी केले. विमान उतरून परत उडेपर्यंतच्या पंचवीस मिनिटांत कचरा उचलायचा, खुर्च्यांचे खिसे रिकामे करायचे, हे सगळं या मुलींनीच रबरी हातमोजे चढवून करायचं. आणि मोजे उतरवून लगेच दारात हसत उभं राहायचं. भिंतीवर तक्ता लागला, कोणी विमानात किती अत्तराच्या बाटल्या विकल्या त्याचा. ताईंचं नाव त्यात शेवटून दुसरं. म्हणायच्या, "मला लोकांना वाचवायचं शिकवलंय, लुबाडायचं नाही."

त्याच सुमारास कंपनीने एक बाई पाठवल्या, मन प्रसन्न कसं ठेवावं ते सांगायला. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. दुसऱ्या श्वासाला अर्धी खोली झोपली होती.

आणि मग शेवटची रांग गेली. विमानातली अगदी मागची, सहा खुर्च्यांची रांग साहेबांनी उपटून काढली. आम्ही म्हटलं, बरं झालं, मागे जरा पाय पसरायला जागा होईल. आमच्या भोळेपणाची आता कीव येते. नियम असा आहे, की पन्नास खुर्च्यांमागे एक माणूस हवा. एकशे छप्पन्न खुर्च्यांना चौघी लागतात, दीडशेला तिघी पुरतात. साहेबांनी खुर्च्या काढल्याच नव्हत्या. त्यांनी प्रत्येक विमानातली एक बाई काढली होती.

हसरीने कंपनीने देऊ केलेले पैसे घेऊन राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती खाली माझ्या खोलीत आली आणि पहिल्यांदाच मी तिला न हसता बसलेलं पाहिलं. म्हणाली, "काका, ताईंसमोर आता कोण?"

कोणी नाही, हेच उत्तर होतं. मागे दोघी, पुढे एकट्या ताई, आणि पुढची दोन्ही दारं त्यांची. नियमाने ते चालतं. पुस्तकात लिहिलंय, अशा वेळी एकाच व्यक्तीने दोन्ही दारं तपासावीत.

"आता मीच विचारते आणि मीच उत्तर देते," ताई एकदा म्हणाल्या. "पहिल्या रांगेतल्यांना वाटत असेल, बाई कामातून गेली." त्या हसल्या, मीही हसलो. दोन वर्षांपूर्वी यावर दोघंही पोट धरून हसलो असतो. क्रूच्या खोलीत तेव्हा इतका कलकलाट असायचा, की मी भिंतीवर थाप मारून गप्प करायचो. आता तिथे माणसं बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपलेली असतात, मांडीवर डबा, डब्याला हात. मी दार हळू लावतो.

आता माझ्या पापाकडे येतो.

दमलेल्या माणसाने विमानात चढू नये, असा आमच्याकडे कडक नियम आहे. कोणीही फोनवर नुसतं म्हणायचं, 'मी दमलोय, आज उडणार नाही', आणि कोणी त्याला एक शब्द विचारायचा नाही. हे पुस्तकात. साहेबांनी त्याचाही टक्का काढला. कोण किती वेळा दमलं त्याची यादी झाली, आणि बढत्या थांबल्या त्या नेमक्या त्यांच्याच. मग कोणीच दमेनासं झालं. शिवाय सुट्टीवरच्या माणसाला बोलवायचं तर ते त्याच्या मर्जीने हवं, म्हणून माझ्या अर्जात एक रकाना होता: 'स्वखुशीने आले का? हो, नाही'. मी काय करायचो, आधी 'हो'वर खूण करून ठेवायचो आणि मग फोन लावायचो. वेळ वाचायचा. खोलीत पूर्वी आम्ही तिघं होतो, आता मी एकटा आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी.

त्या दिवशी सकाळी साडेआठला एकीने ताप आल्याचं कळवलं. यादीत वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सगळे एकतर हवेत नाहीतर तासांची मर्यादा संपलेले. राहिल्या ताई. त्या चार दिवस सलग उडून दोन दिवसांच्या सुट्टीवर होत्या, वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. वडील ब्याऐंशीचे, ताईंकडेच राहायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि आता त्याच डोळ्यांत मोतीबिंदू. मला हे सगळं माहीत होतं. मी 'हो'वर खूण केली आणि फोन लावला.

"ताई, एक अडचण होती."

"भाऊ, आज नको."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच थांबायला हवं होतं.

"दर दोन तासांनी बाबांच्या डोळ्यात थेंब घालायचेत," त्या म्हणाल्या. "रात्रभर त्यांचा हात पट्टीकडे जात होता, मी हात धरून बसले होते. माझा डोळ्याला डोळा नाही. आज खरंच नको हो."

"एकच फेरी आहे ताई. जायचं आणि यायचं. दीडशे माणसं लटकलीत, आणि साहेब माझ्या डोक्यावर बसलेत." साहेब तेव्हा गावातही नव्हते.

पलीकडे त्यांच्या वडिलांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"ऑफिस आहे बाबा."

"मग जा की. तुझ्यावाचून त्यांचं विमान उडायचं नाही." म्हातारा कौतुकाने बोलला. त्या कौतुकाचा मला त्या वेळी उपयोग झाला, हे सांगताना आज लाज वाटते.

"धाकट्या बहिणीला बोलावते थेंब घालायला," ताई म्हणाल्या. "पण भाऊ, या आठवड्यात परत विचारू नका."

दुपारी अडीचला विमान परत आलं. माझ्या खिडकीतून ती जागा समोरच दिसते. शिडी लागली, शिडीवाला वर चढला, दारावर दोन थापा मारल्या आणि नियमाप्रमाणे कठड्याला चिकटून बाजूला झाला. तेवढ्या नियमाने तो वाचला. दार हललं आणि स्फोट झाल्यासारखा आवाज आला. करड्या रंगाचं काहीतरी अंगावर आल्यासारखं शिडीवर फुगत गेलं, शिडीवाला कठड्यावर आपटला, आणि मी खुर्चीतून उठलेला तसाच उभा राहिलो. डोळ्यांनी बघूनही मला वाटलं, मागचं दार असेल. कोणीतरी नवी असेल. मागचं नव्हतं, पुढचं होतं.

शिडीवाल्याचं कोपर तेवढं सोललं. ताईंनी माईकवरून शांत आवाजात सांगून सगळ्या प्रवाशांना मागच्या दाराने उतरवलं, एकालाही धक्काबुक्की करू दिली नाही. सगळे गेल्यावर मी वर गेलो. त्या पुढच्या दाराशी, भिंतीतल्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मी विचारलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "'तुझं?' म्हणून मी विचारलं. आणि 'वर' म्हणून मीच सांगितलं."

काय झालं ते नंतर कळलं. त्यांनी उजवा खटका वर केला आणि डावीकडे वळणार, तेवढ्यात विमानातला आतला फोन वाजला. मागच्या दाराशी आमची चिमणी होती, चौदा महिन्यांची नोकरी, आवाजही चिमणीएवढा. कचरा उचलायचे रबरी मोजे सापडत नाहीत, पंचवीस मिनिटांत विमान परत उडायचंय, म्हणून ती घाबरून विचारत होती. ताईंनी मोजे कुठे आहेत ते सांगितलं, फोन ठेवला, आणि त्यांच्या डोक्यात दोन्ही खटके वर झालेले होते. मग त्यांनी स्वतःला विचारलं. स्वतःच उत्तर दिलं. हसरी समोर असती तर वाकून तिने बघितलं असतं.

चौकशी नवव्या दिवशी लागली. तोवर ताई घरी, पगाराशिवाय. निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाणार, आणि असा शेरा घेऊन गेलेल्या बाईला शेचाळिसाव्या वर्षी दुसरं कोणी विमानाच्या शिडीपाशीही उभं करत नाही. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. वडिलांचा दुसरा डोळा अजून व्हायचा होता.

टेबलापलीकडे टक्के साहेब, त्यांच्या शेजारी सुरक्षा विभागाच्या मॅडम. या मॅडम कमी बोलणाऱ्या, सगळं हाताने लिहून घेणाऱ्या. मला अर्जांची फाइल घेऊन कोपऱ्यात बसवलं होतं.

"त्या दिवशी तुम्ही दमलेल्या होता का?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात माणूस दोन्हीकडून अडकतो. विमानात चढण्याआधी प्रत्येकाला 'मी तंदुरुस्त आहे' असं बटण दाबावं लागतं. दमले होते म्हणावं, तर बटण खोटं दाबलं. नव्हते म्हणावं, तर निव्वळ निष्काळजीपणा.

"दमले होते," ताई म्हणाल्या. "पण बटण दाबताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही साहेब. गेल्या दोन वर्षांत न दमता मी ते बटण कधी दाबलं, हे तुमच्या यंत्रात असेल तर मला सांगा. मला तरी आठवत नाही."

मॅडमचं लिहिणं थांबलं. साहेबांनी पुढचा कागद उचलला.

"पण तुमची सुट्टी होती. न येण्याची मुभा होती. तरी तुम्ही स्वखुशीने आलात, असं इथे नोंदवलंय."

मला वाटलं, ताई आता माझ्याकडे बघतील. बोट दाखवतील. त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो. आले होते."

खोटं सांगत नाही, माझी पाचावर धारण बसली होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. ताईंनी तर मला सोडवलंच होतं. पण त्या जे 'हो' म्हणाल्या ना, ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, 'बोला भाऊ, किती वाजता'च्या आवाजात म्हणाल्या, आणि मला ते सहन झालं नाही.

"साहेब, ती खूण मी केलीय," मी म्हणालो. "फोन लावायच्या आधीच. त्या 'आज नको' म्हणाल्या होत्या. दोनदा."

साहेबांनी डोळ्यांत बघितलं. "म्हणजे तुम्ही खोटी नोंद केलीत?"

"हो. आणि ही एकच नाही. दोन वर्षांतल्या सगळ्याच."

मॅडमनी हात पुढे करून माझ्याकडून फाइल घेतली. त्या एकेक पान उलटत गेल्या. प्रत्येक पानावर तीच खूण, तशीच तिरकी, एकाच पेनाने.

निकाल महिन्याने लागला. मला ताकीद मिळाली आणि उरलेल्या तीन वर्षांची पगारवाढ गेली. अर्जातला 'स्वखुशीने' हा रकाना काढून टाकण्यात आला. आता ते कोणी विचारतच नाही, खोटं लिहायचा प्रश्नच मिटला. शेवटची रांग परत आली नाही. ताईंची नोकरी राहिली, पण प्रमुखपद गेलं, आणि त्यांना मागच्या दाराशी पाठवलं. त्यांच्या जागी पुढे, दोन दारांना एकटी, चिमणी.

मी त्यांच्या घरी गेलो, ते घाबरतच. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. आता दोन्ही डोळे झाले होते. मला खालून वर न्याहाळून म्हणाले, "फोन करणारे ते तुम्हीच का?" मी हो म्हणालो. "या. मला आता सेकंदकाटासुद्धा दिसतो," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

ताई खिडकीशी गणवेशाचा कोट घेऊन बसल्या होत्या. बाहीवरची वरची पट्टी त्या आपल्याच सुईने उसवत होत्या. पट्टीखालचं कापड अजून नवंकोरं होतं, बाकीची बाही विटलेली.

"वाईट वाटतं हो भाऊ," त्या म्हणाल्या. "मोठेपणा दाखवायला नाही कशाला म्हणू? रोज वाटतं. सोळा वर्षं होती ही बाहीवर."

"माझ्यामुळे गेली."

"तुम्ही विचारलंत, मी आले. दोघांनाही नाही म्हणता येत नाही, त्याचा हा प्रसाद." त्यांनी दोरा दाताने तोडला. "पण एक सांगू का? मागे बरं आहे. मागे आम्ही दोघी असतो. 'तुझं?' म्हणून विचारलं की समोरून कोणीतरी उत्तर देतं. पहिल्या दिवशी ते उत्तर आलं ना, तर मला तिथेच रडू फुटलं. ती पोरगी घाबरलीच बिचारी."

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून दार लावलं. आतून आवाज आला, "बाबा, लागलं का हो?" आणि म्हाताऱ्याचा, "लागलं, लागलं. बघितलं मी."

मागच्या आठवड्यात सकाळी पावणेअकराला पुन्हा एकीचं पोट बिघडलं. यादी काढली. पहिला फोन ताईंना.

"आज नको भाऊ," त्या म्हणाल्या, आणि कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. रकाना गेला असला तरी कागदाला कड असते. कडेला लिहिलं, 'नको म्हणाल्या'.

दुसरा फोन चिमणीला.

"येते काका, किती वाजता?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. ताईंचाच जुना आवाज, तसाच्या तसा.

"झोप झाली का गं तुझी?" मी विचारलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हे ऑफिस विचारतंय का, काका, का तुम्ही विचारताय?"

"मी विचारतोय."

"मग नाही झाली," ती म्हणाली.

मी कागदाच्या कडेला तसंच लिहिलं, झोप झालेली नाही, आणि पुढचा नंबर लावला. यादीत आता दोनच नावं उरली होती.